अर्धं तिकीट मिळालं, पण गाडी कुठाय? कोविडनंतरची एसटी आणि सरकारचा पैसा

घाटमाथा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लिहितेच.

मी सातारा जिल्ह्यात डोंगराकडच्या एका गावात माध्यमिक शाळेवर शिक्षिका आहे. आमच्या गावाला मुक्कामाची एसटी होती. रात्री आठच्या सुमारास यायची, सकाळी सहाला परत निघायची. दुधाचे कॅन, तालुक्याच्या कॉलेजची पोरं, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या, कोर्टाची तारीख असलेला एखादा, सगळे त्याच गाडीला. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि ती थांबली. मे महिन्यात जिल्ह्याच्या आतल्या गाड्या निम्म्या सीटवर सुरू झाल्या, ऑगस्टमध्ये जिल्ह्याबाहेरच्या, सप्टेंबरात पूर्ण सीट भरायला परवानगी मिळाली. मुक्कामाची काही आली नाही. मग २०२१ च्या दिवाळीला संप लागला तो पार एप्रिल २०२२ पर्यंत. तोवर लोकांनी वाट बघणंच सोडलं. ज्याला जमलं त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली, ज्याला नाही जमलं तो घरी बसला.

मधल्या काळात सवलती आल्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना मोफत. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. दोन्ही निर्णय मला मनापासून आवडले, हे आधीच सांगते. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांना प्रवास फुकट आहे. पण गाडी मिळते ती चार किलोमीटर खाली फाट्यावर. एवढं त्यांच्याच्याने उतरवत नाही. म्हणून वडापला, म्हणजे खाजगी जीपला पैसे देऊन फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून पुढे फुकट.

तर माझा प्रश्न असा आहे, की सरकारने पैसे प्रवाशाच्या तिकिटाला द्यावेत का गाडीच्या फेरीला? माझं मत फेरीला. रस्त्यावर गाडीच नसेल तर अर्धं तिकीट हातात घेऊन करायचं काय? तुमच्याकडे काय परिस्थिती आहे ते लिहा. आणि गाडी परत आणायचा कुणाला मार्ग माहीत असेल तर तो तर नक्कीच लिहा.

लास्ट_स्टॉप

'अर्धं तिकीट हातात घेऊन करायचं काय' हे वाचून अंगावर काटा आला ताई. आमच्याकडे पण सेम. वाचतोय.

डबल_बेल

ताई, मी ३१ वर्षं वाहक म्हणून नोकरी केली, २०२१ ला निवृत्त झालो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात आहे, भारमान. बाहेरच्यांना हा शब्द माहीत नसतो. गाडीत किती सीटा आणि त्यातल्या किती भरल्या त्याची टक्केवारी म्हणजे भारमान. आगारात रोज संध्याकाळी हेच बघतात. ज्या फेरीचं भारमान पडलं ती कागदावर लाल होते आणि गाड्या कमी पडल्या की पहिली तीच रद्द होते. मुक्कामाच्या गाडीचं एका बाजूचं भारमान कायम कमीच असायचं, रात्री डोंगरात कोण चढतंय? पण सकाळची फेरी भरून यायची म्हणून दोन्ही मिळून चालून जायचं.

कोविडआधी महामंडळाकडे १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या, त्या १५ हजारांच्या आसपास आल्या. कारण काय? दोन वर्षं उत्पन्न नाही म्हणून नव्या गाड्या घेतल्या नाहीत, जुन्या झिजल्या, आणि वर एप्रिल २०२३ पासून केंद्राचा नियम आला की १५ वर्षांवरची सरकारी गाडी, त्यात परिवहन महामंडळाच्या पण आल्या, रस्त्यावर चालवायची नाही. नियम योग्यच आहे, पण गेली त्या जागी नवी गाडी पाहिजे की नको? आगार व्यवस्थापकाकडे ६० शेड्यूल, म्हणजे ६० गाड्यांचं रोजचं ठरलेलं काम, आणि गाड्या ५० असल्या तर त्याने कुठल्या दहा बंद करायच्या? जिल्ह्याच्या लांब पल्ल्याच्या तर करणार नाही, तिथे पैसा येतो. म्हणून तुमची गेली.

आणि एक सांगतो, लॉकडाऊनात आम्ही बसून नव्हतो. मे २०२० मध्ये पायी निघालेल्या मजुरांना राज्याच्या हद्दीपर्यंत फुकट पोचवलं ते एसटीनेच. मी स्वतः दोनदा मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंत गेलोय. एका बाईच्या कडेवर लेकरू होतं, पायात चप्पल नव्हती, मी तिकीट फाडायच्या सवयीने ट्रेला हात घातला आणि मग आठवलं की आज तिकीट नाही. तो दिवस मरेपर्यंत विसरायचा नाही.

अनुराधा_नक्षत्र

काका _/\_

कोथरूड_डेपो

डबल_बेल काका, भारी प्रतिसाद. पुण्यात जरा वेगळं चित्र आहे, कारण पीएमपीची, म्हणजे इथल्या शहर बसची जी तूट येते ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६०-४० अशी भरून देतात. म्हणजे गाडी चालवायला मागे कुणीतरी उभं आहे. एसटीच्या मागे असं दरवर्षीचं बांधलेलं कोण आहे? सवलतीची भरपाई येते, पगारापुरती मदत येते, पण 'या फेऱ्या चालवा, तोटा आम्ही देतो' असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे धागाकर्तीशी सहमत.

हिशोब_चोख

इथे सगळे भावनेने लिहितायत म्हणून उलट बाजू मांडतो. २०२५ च्या जूनमध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईकांनी एसटीची श्वेतपत्रिका मांडली त्यात संचित तोटा १० हजार कोटींच्या वर आहे. दहा हजार कोटी! हे पैसे आकाशातून पडत नाहीत. मी कर भरतो, मी एसटीने वर्षातून एकदाही जात नाही, मग बारा माणसांच्या गावासाठी ५० सीटची गाडी मी का पोसायची? ज्या गावात माणसं नाहीत तिथे गाडी नसणं हा अन्याय नाही, ते गणित आहे. राग मानू नये.

घाटमाथा

राग नाही मानत, पण आमच्या गावात बारा माणसं नाहीत हो, अकराशे आहेत. गाडीत बारा असायची, कारण बाकीच्यांना त्या दिवशी कुठे जायचं नसायचं. ज्या दिवशी जायचं असतं त्या दिवशी गाडी पाहिजे असते.

दादर_टीटी

@हिशोब_चोख, करदाता म्हणून तुम्ही आणखी काय काय पोसताय ते पण बघा ना. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर कार आणि हलक्या गाड्यांचा टोल माफ झाला. टोल माफ झाला म्हणजे कंत्राट हवेत विरलं नाही, भरपाई सरकारी तिजोरीतूनच जाणार. म्हणजे कारने मुंबईत शिरणाऱ्या माणसाला सरकार पैसे देतंय. त्याच राज्यात एसटीच्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर आहे! शंभर रुपये मूळ भाडं असेल तर साडेसतरा रुपये सरकारचे, आणि भरणारा कोण, तर ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही तो. एसटी टोल पण भरते. आधी हे बंद करा, मग तोट्याबद्दल बोलू.

फाटा_ते_फाटा

मी वडापवाला. होय, तोच, ज्याला इथे सगळे शिव्या देतात.

मॅडम तुमच्या सासूबाईंसारख्या रोज चार-पाच जणी माझ्या जीपला असतात. मी पहाटे पाचला पण जातो, रात्री अकराला बाळंतीण पण नेली आहे, पैसे नसले तर वहीत लिहितो. लॉकडाऊनात जीपचे हप्ते थकले, फायनान्सवाले दारात आले, तेव्हा आम्हाला कुणी पॅकेज दिलं नाही. एसटीला नोव्हेंबर २०२० ला सरकारने हजार कोटी दिले पगाराला, चांगलं केलं, त्यांची पण पोरंबाळं आहेत. पण गावात गाडी नाही तर लोकांना नेतोय कोण हे पण लिहा. माझं म्हणणं आहे आम्हाला परमिट द्या, वेळ ठरवून द्या, फाट्यापर्यंत आम्ही आणतो, पुढे एसटी. मोठ्या गाडीला आमचे वळणाचे रस्ते परवडत नाहीत हे खरंच आहे.

अनुराधा_नक्षत्र

दादा तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण मला एक विचारायचंय. माझी भाची आठवीत आहे, तिला अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, पाचवी ते बारावीच्या सगळ्या ग्रामीण मुलींना असतो. तुमच्या जीपमध्ये तो पास चालणार आहे का? नाही. तिचे वडील रोजंदारीवर आहेत, रोज जायचे-यायचे चाळीस रुपये काढायचे म्हटले तर पहिली शाळा तिचीच सुटेल, भावाची नाही. हे मी बघितलंय, कल्पनेतलं नाही सांगत. आणि पुढच्या सीटवर चार, मागे चौदा, टपावर तीन, यात तेरा वर्षांच्या मुलीला बसवायला कुठल्या आईचा जीव होईल?

फाटा_ते_फाटा

ताई ते खरंय. पास चालला पाहिजे, त्याचे पैसे सरकारने आम्हाला द्यावेत जसे एसटीला देतात. आणि सात सीटवर सातच घ्यायचे तर ते पण करतो, पण मग प्रत्येकामागं भाडं तिप्पट होतं, ते कोण देणार? परत तुमचाच प्रश्न आला.

डबल_बेल

वडापवाले दादा, नोकरीत असताना तुमच्याशी स्टँडच्या दारात माझी किती भांडणं झाली असतील! पण आज तुम्ही शहाणपणाचं बोललात. फेरीला पैसे दिले पाहिजेत, मग ती लाल गाडी असो की जीप, हा मुद्दा आपल्या दोघांचा एकच आहे.

माइन_काठ

जर्मनीत फ्रँकफर्टला राहते, माहेर कराडचं. दोन्हीकडचं बघते म्हणून लिहितेय.

इथे कोविडनंतर लोक परत ट्रेन-बसकडे यावेत म्हणून २०२२ च्या जून ते ऑगस्ट तीन महिने ९ युरोत महिनाभर देशभर कुठेही फिरा असं तिकीट काढलं होतं. फक्त लांबच्या जलद गाड्या सोडून. लोक अक्षरशः तुटून पडले, आम्ही मैत्रिणी दर रविवारी नवीन गाव बघायचो. मग मे २०२३ पासून ४९ युरोचं कायमचं तिकीट आलं, जानेवारी २०२५ ला ते ५८ झालं. तुटीसाठी केंद्र सरकार दीड अब्ज आणि राज्यं दीड अब्ज युरो दरवर्षी घालतात, आणि पुढचे पैसे कोण देणार यावरून भांडत आलेत.

पण बघा, माझी एक सहकारी खेड्यात राहते. तिच्या गावाला बस दिवसाला मोजून काही फेऱ्या, शनिवार-रविवारी त्याहून कमी. तिने ते तिकीट घेतलंच नाही. म्हणाली, स्वस्त तिकिटाने बस येत नाही. घाटमाथाताईंचं वाक्य मी वाचलं आणि हीच आठवली. शहरातल्या माणसाला तिकीट स्वस्त झाल्याचा फायदा होतो कारण गाडी आधीच दारात आहे. खेड्यातल्याला आधी गाडी लागते. हजारो किलोमीटरवर दोन बायका तेच बोलतायत याचं मला फार वाटलं.

फिलीकर

अमेरिकेतलं थोडं. इथे सरकारने कोविडमध्ये हात सैल सोडला होता. २०२० च्या मार्चमध्ये सार्वजनिक वाहतुकीला २५ अब्ज डॉलर, डिसेंबरात १४ अब्ज, २०२१ च्या मार्चमध्ये आणखी ३०.५ अब्ज. एकूण ६९.५ अब्ज. आणि मुख्य म्हणजे एरवी मोठ्या शहरांना केंद्राचा पैसा नवीन गाड्या, रूळ, डेपो यालाच वापरता येतो, रोजच्या चालवण्याला नाही. या वेळी तो पगाराला आणि डिझेललासुद्धा वापरायची मुभा दिली. त्यामुळे गाड्या रिकाम्या धावल्या पण धावत राहिल्या, नर्सेस आणि दुकानातली माणसं कामावर पोचत राहिली.

वाईट भाग पुढे आहे. तो पैसा एकदाचाच होता. तो संपला तेव्हा प्रवासी पूर्ण परत आले नव्हते कारण निम्मी ऑफिसं घरून चालायला लागली. आमच्या फिलाडेल्फियात २०२५ च्या ऑगस्टमध्ये २० टक्के सेवा कापली गेली, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर. मुलं कशी जाणार म्हणून बोंबाबोंब झाली, कोर्टात गेलं प्रकरण, शेवटी राज्याने नवीन गाड्या आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला पैसा रोजच्या खर्चाला वापरायची परवानगी दिली आणि फेऱ्या परत आल्या. म्हणजे उद्याचं बियाणं आज शिजवून खाल्लं. म्हणून माझं मत, एकरकमी पॅकेज नको. दरवर्षी ठरलेला, कायद्याने बांधलेला पैसा पाहिजे.

हिशोब_चोख

फिलीकर, तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. पैसे ओतले, संपले, परत मागितले.

फिलीकर

नाही हो. मी म्हणतोय की रस्ता आपण दरवर्षी डांबरी करतो तेव्हा 'पैसे ओतले, संपले' म्हणत नाही. पाण्याच्या नळाला म्हणत नाही. बसलाच का म्हणायचं?

टिळकवाडी

बेळगावातून नमस्कार. आमच्याकडे ११ जून २०२३ पासून शक्ती योजना, बायकांना साध्या गाडीत पूर्ण मोफत. पहिले काही महिने स्टँडवर जत्राच होती. माझी आई आयुष्यात पहिल्यांदा एकटी सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन आली, आल्यावर तीन दिवस तेच सांगत होती. पुरुष मंडळी कुरकुरली सीट मिळत नाही म्हणून, आणि जानेवारी २०२५ ला भाडं १५ टक्क्यांनी वाढलं ते पण त्यांच्याच खिशातून. आता सांगायचं म्हणजे गर्दी वाढली पण त्या मानाने गाड्या वाढायला वेळ लागला. शाळेची पोरं दारात लोंबकळायची. फुकट देताना बरोबर किती नव्या गाड्या देणार हे पण त्याच दिवशी सांगावं असं वाटतं.

अवांतर: कोल्हापूर-बेळगाव लाल गाडीत अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच असतं, पुढे पूर्ण. एकाच सीटवर बसून कागलच्या पुढे आलं की मी अर्धीची पूर्ण होते. सीमाप्रश्न आमच्या तिकिटावर पण छापलाय. :)

लास्ट_स्टॉप

टिळकवाडी :D :D

कोथरूड_डेपो

अवांतर चालू झालंच आहे तर, ते नवीन तिकीट मशीन आल्यापासून यूपीआय चालतो ना सगळीकडे? सुट्ट्या पैशाची भांडणं संपली असतील.

डबल_बेल

बऱ्याच प्रमाणात संपली. आम्ही तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचो आणि उतरताना माणूस विसरून जायचा, मग मलाच रात्री झोप लागायची नाही. आता तसं होत नाही. डोंगरात रेंज गेली की मात्र परत खिसा चाचपावा लागतो.

सीए_नाही_पण

हिशोबाचा मुद्दा निघालाय तर एक उदाहरण करून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेत, महामंडळाचे नाहीत. धरा की गाडी चालवायला किलोमीटरला ६० रुपये खर्च येतो. तालुका ते घाटमाथाताईंचं गाव २० किलोमीटर, जाऊन-येऊन ४०, म्हणजे रोज २४०० रुपये. जाताना १२ आणि येताना १२ माणसं, सवलतीची भरपाई धरून माणशी ३५ रुपये मिळाले तर ८४० रुपये. रोजची तूट १५६०. वर्षाची साधारण ५ लाख ७० हजार.

आता अकराशे वस्तीच्या गावाला बारमाही बाहेर जायची सोय म्हणून हे पावणेसहा लाख. यातून किती पोरी बारावीपर्यंत शिकणार, किती म्हातारी माणसं वेळेवर बीपीच्या गोळ्या आणणार, किती दूध डेअरीला पोचणार? मला तर ही रक्कम स्वस्त वाटते. पण ही रक्कम आज कुठल्याच खात्यात दिसत नाही. सवलतीची भरपाई ही बसलेल्या माणसामागे मिळते, त्यामुळे भरलेल्या गाडीला ती भरपूर मिळते आणि ज्या फेरीत माणसं कमी तिला कमी मिळते. म्हणजे मदतीची जिला सगळ्यात जास्त गरज, तिच्याच वाट्याला सगळ्यात कमी. घाटमाथाताई जे म्हणतायत ते असं आहे.

हिशोब_चोख

हा मुद्दा मान्य. मी आत्तापर्यंत भरपाई म्हणजे सरसकट मदत असंच समजत होतो. पण मग सगळ्या गावांना फेरीला पैसे दिले तर रिकाम्या गाड्या पळवून बिल लावतील त्याचं काय? किलोमीटरला पैसे मिळाले की प्रवासी घ्यायची गरजच उरत नाही. लांबून हात करणाऱ्यासाठी कोण थांबेल?

सीए_नाही_पण

खरा धोका आहे. म्हणून दोन्ही पाहिजे. फेरी वेळेवर सोडली तर ठरलेला पैसा, आणि वर प्रत्येक प्रवाशामागे थोडा. मशीनमध्ये फेरी सुटल्याची वेळ आणि तिकिटं दोन्ही नोंदतात, तपासणं अवघड नाही. आणि कुठल्या फेऱ्या ते आगाराने एकट्याने नाही, गावाबरोबर बसून ठरवावं. जिल्हा नियोजनाच्या पैशातून रस्ते, समाजमंदिरं होतात ना, मग फेरी का नाही?

दादर_टीटी

मुंबईचं पण एक वाक्य. बेस्टचं किमान भाडं जुलै २०१९ मध्ये ५ रुपये केलं, लोक खुश झाले, मग कोविड आला, आणि मे २०२५ मध्ये एकदम १० झालं. सहा वर्षं भाडं गोठवायचं आणि मग एका रात्रीत दुप्पट करायचं. एसटीचं पण तेच, ऑक्टोबर २०२१ ला १७.१७ टक्के, मग थेट जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के.  दरवर्षी थोडी थोडी वाढवली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. खर्च वाढेल तसं भाडं ठरवायचं हकीम समितीचं सूत्र आहेच त्यासाठी, ते वापरायचं धाडस पाहिजे.

आणि बेस्टने स्वतःच्या गाड्या कमी करत भाड्याच्या गाड्यांवर भर दिला, त्याने दाखवायचा खर्च कमी झाला, पण कंत्राटदार सोडून गेला की रस्त्यावरची गाडीही जाते. एसटीने नवीन गाड्या घेताना स्वतःच्याही घ्याव्यात असं मला फार वाटतं.

अनुराधा_नक्षत्र

नवीन गाड्यांवरून आठवलं, १ जून २०२२ ला पुणे-नगर शिवाई, एसटीची विजेवरची बस, सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. १९४८ ला पहिली एसटी पण १ जूनला पुणे-नगरच धावली होती. वडिलांचा हात धरून लहानपणी लाकडी सीटच्या गाडीतून गेलेली मी, आणि आता आवाज न करणारी बस. डोळे भरून आले. पण विजेच्या गाड्या घाटातल्या गावांना कधी पोचतील देव जाणे, तोवर साधी लाल गाडी चालेल, फक्त येऊ दे.

डबल_बेल

घाटमाथाताई, आता मूळ प्रश्नावर. धोरण बदलायचं तेव्हा बदलेल, तुमच्या गावची गाडी त्याआधी कशी येईल ते सांगतो. नुसता अर्ज देऊ नका, अर्जांची चळत असते आगारात. एक, शाळेकडून पासधारक मुलामुलींची यादी, कुठल्या वर्गात, कुठून कुठे. दोन, गावात ७५ च्या वरची माणसं किती. तीन, दोन आठवडे रोज सकाळी फाट्यावर उभं राहून तुमच्या गावची किती माणसं गाडीत चढतात ते मोजा, वेळेसकट. चार, ग्रामपंचायतीचा ठराव. हे सगळं घेऊन आगार व्यवस्थापकाला भेटा आणि मुक्कामाची मागू नका, आधी शाळेची मागा. सकाळी येऊन परत, संध्याकाळी येऊन परत. शाळेच्या फेरीला नाही म्हणणं अवघड असतं. भारमान दिसलं की पुढचं बोलता येतं.

घाटमाथा

काका हे तर सोन्यासारखं आहे. उद्यापासून मोजायला लागते. दहावीच्या मुलांनाच देते, गणिताच्या तासाला सरासरी काढायला पण होईल.

फाटा_ते_फाटा

मॅडम मी पण मोजून देतो, माझ्या जीपला रोज किती ते वहीत आहे. माझा धंदा थोडा कमी होईल पण माझी पोरगी पण पुढच्या वर्षी आठवीला जाणार आहे.

माइन_काठ

दादा, तुम्हाला फ्रँकफर्टहून नमस्कार.

घाटमाथा

मंडळी, अडीच महिन्यांनी धागा वर काढतेय. मुलांनी सतरा दिवस मोजलं. फाट्यावर आमच्या आणि वरच्या दोन वाड्यांची मिळून सकाळच्या वेळेत सरासरी ३४ माणसं, त्यातली २१ शाळा-कॉलेजची. मलाही एवढा आकडा वाटला नव्हता. वडापवाल्या दादांनी वहीची पानं झेरॉक्स करून दिली. ठराव झाला. आगारात आम्ही नऊ बायका आणि चार विद्यार्थी गेलो, साहेबांनी चहा दिला, सगळे कागद नीट वाचले, म्हणाले एवढं मोजून आजवर कुणी आणलं नव्हतं.

सोमवारपासून शाळेची फेरी सुरू झाली आहे. सकाळी सव्वानऊ आणि संध्याकाळी साडेपाच. सासूबाई पहिल्या दिवशी काही काम नसताना तालुक्याला जाऊन आल्या. मुक्कामाची मात्र नाही मिळाली, गाड्या नाहीत म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते, आवारात मी स्वतः बघितलं.

सीए_नाही_पण

अभिनंदन ताई!! आता ही फेरी टिकवायला पहिले सहा महिने सगळ्यांनी हिनेच जायचं. आणि तो ३४ चा कागद आमदारांना पण द्या, फेरीला पैसे का पाहिजेत ते त्यात आहे.

हिशोब_चोख

मनापासून अभिनंदन. तो कागद तसाच इथे टाकता आला तर टाका, माझ्या मूळ गावी पण हेच करायचं मनात आलंय. गाव लातूरकडे आहे, सोळा वर्षांत गेलो नाही.

डबल_बेल

शाब्बास गं पोरी. आता मुक्कामाचं. एक गोष्ट कुणी बोलत नाही ती विचारतो. गाडी मुक्कामाला आली की ड्रायव्हर-कंडक्टर झोपणार कुठे? आम्ही देवळात, शाळेच्या व्हरांड्यात, कधी गाडीतच सीटवर झोपायचो, पावसात छत गळायचं, डास. आता वाहक मुली पण असतात, त्यांनी कुठे थांबायचं? कितीतरी मुक्काम यामुळेपण सुटले. गावाने खोली दिली तर पुढच्या वेळी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असेल.

घाटमाथा

काका, समाजमंदिरामागची खोली रिकामी आहे. काल ग्रामसेवकांशी बोलले. पंखा आहे, बल्ब लावून घेतला, मोरी दुरुस्त करायला गवंडी गुरुवारी येतोय. आतून कडी नव्हती, ती आज बसवली.